शेडातली राख आणि अक्कम्माची तूर

खटकचिंचोळीच्या माळावर पत्र्याचं एक शेड आहे. शहरचा कचरा भट्टीत जाळून उरलेली काळपट राख तिथं पोत्यांनी येते. तिथं कामाला असलेली नेत्रावती ती पाण्यात कालवून हौदात सोडते, दोन्हीकडच्या धातूच्या पट्ट्यांतून वीज खेळवते. विजेच्या ओढीनं राखेतलं शिसं नि तसलेच विषारी धातू हौदातल्या पातळ पडद्यापल्याड सरकतात. मागं राहिलेली राख तपासून सिमेंटात कालवतात, रस्त्याच्या कडेला बसवायच्या विटा करतात.

"वीज सोडली की राखेतलं जहर निघून जातंय," असं ती गल्लीत ठासून सांगायची. आधी बाया तिच्या कपड्यांवरची धूळ बघून लांब बसायच्या. बोलून बोलून तिनंच त्यांची भीती घालवली होती.

यंदा तूर घरी आली. सासू अक्कम्मा दरसाल तुरीला चुलीची राख चोळून मडकी भरते, कीड लागत नाही. पण घरात गॅस आला नि चूल विझली. राख आणायची कुठनं?

संध्याकाळी नेत्रावती कामावरून आली, तर मडक्यात तूर राखेनं काळपट.

"आत्याबाई, राख कुठली ही?"

"तुझ्याच शेडातली. वाचमनला ग्वाड बोलून टोपलं भरून आणलं. कशी मऊ हाय बघ, चाळायचं सुदिक काम न्हाई."

नेत्रावतीनं मडकं आपल्याकडं ओढलं. "ही तूर खायची न्हाई."

"कामून? जहर निघून जातंय म्हणून तूच सांगत फिरायलीस न्हवं? का गावाला खोटं बोलायलीस?"

"खोटं न्हाई, अर्धं बोलले. सगळं निघत न्हाई, थोडं राहतंय. विटंत ते घट्ट बसून राहतंय. पोटात गेलं तर सुटून अंगात भिनतंय."

"धुऊन घीन की."

"तेलाचा हात लावून चोळलीय तुम्ही. किती धुवाल?"

नवरा संगमेश्वर दारातनं म्हणाला, "अगं, चिमूटभर राखंनं काय होतंय?"

"चिमूटभर रोज. पोरींच्या ताटात, वरीसभर." तिनं मडकं पोत्यात उलटं केलं.

"साकु! पुरं झालं!" अक्कम्मा ओरडली. "माझी तूर टाकशील. शेजारच्या सुशीलाबाईची कशी टाकशील? तिनं बी राख नेलीय. मीच म्हणले, सुनेनं साफ केलीय, ने."

आता बोलावं, तर ज्या कामावर बायांचा विश्वास बसवला तेच काम बदनाम होणार. नेत्रावतीनं पोतं खांद्यावर घेतलं नि चपला घातल्या.

"कुठं चाललीस?" संगमेश्वरनं विचारलं.

"सुशीलाबाईकडं. काम बदनाम झालं तर परत बोलून विश्वास बसवीन. पोटातलं कसं काढू?"

सुशीलाबाईनं ऐकून घेतलं, पण ती दार अडवूनच उभी. "वा गं! दुसऱ्याच्या घरची तूर टाकाया आलीस. आधी तुझ्या घरची टाक."

नेत्रावतीनं पोत्याचं तोंड उघडून दाखवलं. सुशीलाबाईची नजर तिच्या मागं गेली. अक्कम्मा तोंड फुगवून अंगणात येऊन उभी राहिली होती.

"टाकली व्हय अक्का, तुमची?"

"दिसंना का पोत्यात? तिच्यावर भडकून काय उपेग, तुला मीच सांगितलं होतं. काढ तुझं मडकं," अक्कम्मा म्हणाली, "आन तुझ्या जावंनं बी राख नेली असल, तर तिला हाक मार."