शिवेपलीकडचं पाणी

माझे वडील माझ्या सासरी यायचे आणि तहानलेले राहायचे. ऐकणाऱ्याला वाटेल, सासरी पाण्याचा दुष्काळ होता. दुष्काळ होता तो माहेरी, सुप्याकडच्या माळावर. सासर माझं काटेवाडीच्या पलीकडे, कालव्याखालच्या बागाईत गावात. तिथं उसाला पाणी सोडलं की घरात बसूनही पाटाची खळखळ ऐकू यायची. पण आमच्या माहेरची रीत अशी, की लेकीला पहिलं मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. इतर घरांत ही रीत उंबऱ्यापुरती असायची. आमच्या आबांनी तिच्यात गावाचं सगळं शिवार धरलं होतं. कुठलीही गोष्ट अर्धवट करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

१९३० नंतरच्या वर्षांतली ही हकीकत आहे. आबा फाल्गुनात यायचे, ज्वारीची सुगी उरकून. कुणाच्या तरी बैलगाडीतून बारामतीच्या बाजारापर्यंत, तिथून पुढे पायी. खांद्यावर घोंगडी, हातात काठी आणि आईनं फडक्यात बांधून दिलेल्या भाकरी. भाकरी दोघांपुरत्या असायच्या. सासूबाई गूळपाणी पुढं करायच्या, आबा हात जोडायचे. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते, घर सासूबाईंच्या हातात होतं. त्या मला म्हणायच्या, "जा, तुझ्या आबास्नी शिवार दावून आण." शिवाराचं आपलं निमित्त. लेकीबरोबर बसून चार घास खायचे, तर आबांना गावाची शीव ओलांडायला हवी होती. म्हणून आमची फेरी निघायची. घरामागच्या उसातून कालव्यावर, तिथून बाभळीच्या रानातून शिवेबाहेर इनामदारांच्या गढीपर्यंत, आणि ओढ्याच्या अंगानं परत घरी.

आबांच्याबरोबर चालणं म्हणजे दर दहा पावलांना थांबणं. ऊस दिसला की त्याच्या पेऱ्यावरून हात फिरवायचे, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. "काय ही माती! काय ही माती!" असं स्वतःशीच चालायचं. जन्मभर आभाळाकडे बघून शेती केलेला माणूस, पण या हिरव्या रानाचा त्यांना कधी हेवा वाटला नाही. पाटाचा बांध कुठं फुटून पाणी वाया जाताना दिसलं की काठी टाकून खाली बसायचे आणि दोन्ही हातांनी चिखल थापून भगदाड बुजवायचे. वावर कुणाचं हेसुद्धा विचारायचे नाहीत. मला लाज वाटायची, कुणी बघेल म्हणून. आज त्या लाजेचं हसू येतं.

वाटेत आमचं गुऱ्हाळ लागायचं. काहिलीतल्या रसाचा गोड वास लांबूनच यायचा. गुऱ्हाळावरची माणसं पाहुणा दिसला की रसाचा तांब्या घेऊन धावायची. आबांच्या घशाची घाटी वरखाली व्हायची. "नगं बाबांनो, नुकताच पिऊन आलोय," असं ते धडधडीत खोटं सांगायचे. मी चिडायची.

"आबा, रस प्यायला काय झालं? ते काय पानी हाय?"

"ऊस कशावर वाढतो, बाई? वाऱ्यावर?"

कालव्यावर पोचलं की मी नवी खोडी काढायची. "ह्यो कालवा तर सरकारचा हाय. सरकार काय तुमचा जावई हाय व्हय?"

आबा खो खो हसायचे. पाण्यात उतरून तोंड धुवायचे, मानेवर, डोक्यावर पाणी मारायचे आणि मग काठावर बसून त्या वाहत्या पाण्याकडं बघत राहायचे. "कुठनं येतं, कुठवर जातं!" म्हणायचे. "इंदापूरपातुर जातं," मी सांगायची, जणू मीच ते तिकडं धाडलं होतं. "आन तोंड धुताना एखादा थेंब आत गेला असंल तर?" "थुकलो न्हवं का!" ते म्हणायचे. या माणसापुढं मला हार मानावी लागायची, आणि खरं सांगायचं तर त्यांचा अभिमानही वाटायचा. स्वतःला घालून घेतलेला नियम कुणी बघत नसताना पाळणारी माणसं मी फार पाहिली नाहीत.

कालव्यापलीकडे बाभळीचं रान होतं. आत शिरलं की उन्हाचा चटका एकदम कमी व्हायचा. पायाखाली पिवळ्या फुलांचा सडा असायचा. कधी एखादं हरीण आमच्याकडे मान वळवून बघायचं आणि मग उडी मारून दिसेनासं व्हायचं. आबा अशा वेळी मला हातानं थांबवायचे आणि ते गेलं तरी लगेच पाऊल पुढं टाकू द्यायचे नाहीत. रान संपलं की शेंदूर लावलेला शिवेचा दगड. तो ओलांडताच आबांची चाल बदलायची. मला मागं टाकून ते तरातरा पुढं जायचे.

गढीत इनामदारांचं कुणी राहत नव्हतं, सगळी पुण्याला असत. पण बुरूज ठणठणीत उभे होते. दगडाला दगड असा बसवलेला, की मधे नख जायचं नाही. त्यांच्या पूर्वजांनी लावलेली आमराई तेव्हा मोहोरलेली असायची आणि तिच्या मधोमध बारव. घडीव पायऱ्यांची, खोल, गार. आबा पायऱ्या उतरून जायचे, ओंजळीनं पाणी प्यायचे. घटाघट नाही, सावकाश. मी वरच्या पायरीवर बसून तो आवाज ऐकायची. मग वर येऊन भाकरीचं फडकं सोडायचे आणि पहिला घास माझ्या हातात देत म्हणायचे, "बरं हाय न्हवं?"

मूल हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. मी "व्हय, बरं हाय" म्हणायची. दर फाल्गुनात त्यांनी तेच विचारलं, दर फाल्गुनात मी तेच सांगितलं.

एका वर्षी मात्र आबा आले, तेव्हा सोप्यात सासूबाईंचे भाऊ पानसुपारी घेऊन बसले होते. ते कशाला आलेत हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यांची लेक लग्नाची होती, आणि मला इतकी वर्षं मूल नव्हतं. मी पायात वहाणा सरकवल्या आणि आबांना घेऊन निघाले. उसातून गेलो, कालव्यावरून गेलो. आबांनी तोंड धुतलं, मी खोडी काढली नाही. बाभळीच्या रानात त्यांनीच विचारलं.

"घरात पाव्हणा कशापायी आलाय?"

मी सांगितलं.

"जावई काय म्हनत्यात?"

"काय बी म्हनत न्हाइत."

तेच मला सगळ्यात लागलं होतं. नवरा वाईट नव्हता. पण आईपुढं त्याच्या तोंडातून शब्द फुटायचा नाही.

शीव ओलांडली, गढी आली. आबा बारवेच्या काठावर बसले. खाली उतरले नाहीत. भाकरीही सोडली नाही. मोहोरावर माशा घोंगावत होत्या. मग आबा एकदम उठले. "चल," म्हणाले.

"पानी?"

"चल म्हनलं न्हवं!"

परतीच्या ओढ्याच्या वाटेवर ते इतके भराभर चालले, की मला पळावं लागलं. त्यांचे ओठ सुकून पांढरे पडले होते. माझ्या मनात एकच होतं. आता हे घरी जाऊन सांगणार, लेकीला घेऊन जातो म्हणून. लुगडी कुठल्या गाठोड्यात बांधायची, याचाही विचार मी केला. त्या उसाकडं, त्या पाटाकडं बघवेना. ही जमीन माझी झाली होती, मला ती सोडायची नव्हती. पण हे सांगायला तोंड कुठं होतं?

आबा तसेच सोप्यात शिरले आणि पाहुण्यांच्या शेजारी घोंगडीवर मांडी घालून बसले.

"बाई, पानी आण," ते मला म्हणाले.

मला वाटलं, ऐकण्यात काही चूक झाली. सासूबाई दारातून म्हणाल्या, "इवाई, तुमच्यात तर पोर झाल्याबिगर..."

"व्हय. आमच्यात तसंच हाय," आबा म्हणाले. "आजवर पाळलं. लेकीचं घर कवा व्हतं, तर पोर झाल्यावर, असं समजत व्हतो. चुकलं माझं. हिचं लगीन झालं तवाच ह्ये घर हिचं झालं. लेकीच्या घरी आलोय, आन तहान लागलीय. पानी आण, बाई."

रांजणातून तांब्या भरून मी इतक्या घाईनं आणला, की अर्धं पाणी लुगड्यावर सांडलं. आबांनी तांब्या वर धरून सगळा रिकामा केला. मग कोपऱ्यात बसलेला माझा नवरा उठला. आबांच्या भाकरीचं फडकं त्यानं उचललं आणि आईकडं न बघता मला म्हणाला, "ही भाकरी आज मी खानार. आबास्नी आपलं ताट वाढ." माझ्या नवऱ्याच्या तोंडून मी ऐकलेलं सगळ्यात मोठं भाषण ते एवढंच. सासूबाईंचे भाऊ ऊन कलल्यावर निघून गेले आणि तो विषय पुन्हा आमच्या घरात निघाला नाही.

मूल मला पुढंही झालं नाही. आबा मात्र येत राहिले, आणि फेरी आम्ही सोडली नाही. तो ऊस, तो कालवा, ती हरणं बघितल्याशिवाय त्यांना चैनच पडायचं नाही. गढीच्या बारवेपाशी आलो की दमून काठावर बसायचे. मी विचारायची, "आबा, पानी पिताय न्हवं?"

"नगं," ते म्हणायचे. "घरी जाऊन पिऊ."