न वाचलेल्या बिलाविरुद्ध माझी लढाई

हसायचं नाही, असं आधी कबूल करा, मग सांगतो. जाऊ दे, तुम्ही हसणारच. माझी बायको वृंदा तर अजून हसतेय, आणि या गोष्टीला आता वर्ष होऊन गेलं!

तर मी सॉफ्टवेअर टेस्टर. म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या कामावर शंका घ्यायची, हाच धंदा. ऑफिसात ते ठीक आहे हो, पण सवय घरी येते ना! दुधाच्या कॅनवरची तारीखसुद्धा मी दोनदा वाचतो.

आमचा पत्ता अमेरिकेतल्या बॉथेलचा, पण घर शहराच्या हद्दीबाहेर. त्यामुळे बांधकामाच्या परवानग्या काउंटीकडे. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्हा परिषदेसारखं प्रकरण. आणि मागच्या अंगणात मी एक खोली बांधली होती, सोळा बाय सोळा फुटांची. व्हिडिओ बघून बघून, स्वतःच्या हातांनी! तिथे वृंदाचा गाण्याचा क्लास चालतो. दर शनिवारी अकरा पोरं येऊन भूप गातात, आणि आठवडाभर सुकलेला वृंदाचा चेहरा त्या दोन तासांत फुलतो. परवानगी म्हणताय? अहो, तीच तर घ्यायची राहिली होती!

एका मंगळवारी मी घरूनच काम करत होतो. खिडकीतून बघतो तर काय, पिवळं जॅकेट घातलेली एक बाई, गळ्यात काउंटीचं ओळखपत्र, आमच्या ड्राइव्हवेजवळ उभी राहून टॅबलेटवर फोटो काढतेय!

मी लॅपटॉप तसाच टाकून उठलो. बाहेर जाऊन विचारलं, "काही हवंय का?"

"नाही, नाही. रस्त्यातल्या पावसाच्या पाण्याच्या जाळ्यांची नोंद करतेय," ती हसून म्हणाली.

जाळ्यांची! मला सांगा, जाळी बघणारा माणूस खाली बघेल की नाही? ही बाई मधूनच मान वर करून आमच्या घराच्या मागे बघत होती. आणि हसली कशाला?

त्याच संध्याकाळी मिलिंदचा फोन आला. मिलिंद माझा मित्र, त्याची दोन्ही मुलं वृंदाच्या क्लासला येतात.

"सुहास, न्यूज वाचलीस का यार? ऑलिंपियाला स्टेटच्या विधानसभेत नवीन बिल आलंय. घराच्या आवारातल्या खोल्या आणि काउंटीचे अधिकार, असं काहीतरी आहे."

झालं! आता कळलं पिवळं जॅकेट कशाला आलं होतं ते. मी लगेच बिल उघडलं. नाव होतं, 'आवारातील जोड-बांधकामांवरील काउंटीच्या अधिकारांबाबत'. पुढे एकोणीस पानं. मी नाव वाचलं आणि लॅपटॉप मिटला. पानं वाचायची गरजच काय? स्टेट अधिकार देणार, काउंटी घरोघरी बाया पाठवणार आणि वृंदाचा क्लास बंद पडणार!

"अरे, पूर्ण वाचलंस तरी का?" वृंदा म्हणाली.

"असल्या कागदांत खरं कधी लिहिलेलं नसतं."

आमची सई चौदा वर्षांची. तिनं फोनमधून डोकंही वर न काढता निदान केलं, "बाबा, यू आर सो पॅरानॉइड."

असू दे! आमच्या स्टेटमध्ये कुणीही घरबसल्या बिलाच्या बाजूनं किंवा विरोधात नाव नोंदवू शकतं. मी क्लासच्या सगळ्या पालकांना फोन केले, इथल्या मराठी मंडळाचा ग्रुप पेटवला. एका काकूंना तर फोनवर तासभर बसून बटण दाबायला शिकवलं. दोन दिवसांत त्रेचाळीस घरांचा विरोध नोंदवला. एवढा उत्साह मी मुंजीत नव्हता दाखवला!

पुढच्या आठवड्यात काउंटीनंच लायब्ररीत सभा ठेवली. विषय, स्टेटच्या नव्या कायद्यांचा काउंटीवर होणारा परिणाम. मी इंटरव्ह्यूचा ब्लेझर चढवला आणि मिलिंदला घेऊन पोचलो.

दाराशी, सभेत बोलणाऱ्यांची नावं लिहून घ्यायला कोण बसलं असेल? तीच बाई! आज जॅकेट नव्हतं, पण मी बरोबर ओळखलं. तिनं मात्र मला ओळखल्याचं दाखवलंसुद्धा नाही. मुरलेली असतात ही माणसं!

बोलायला दोन मिनिटं होती. समोर बांधकाम खात्याच्या प्रमुख, पांढऱ्या केसांच्या डोनाबाई. मी सुरुवातच टिपेला केली.

"तुम्हाला आमच्या अंगणात डोकवायचा अधिकार हवाय! हो, माझ्या घरामागे सोळा बाय सोळाची खोली आहे. मी स्वतः बांधली आहे. परवानगी घेतलेली नाही! तिथे मुलं गातात. हा गुन्हा आहे का? हे बिल पडलंच पाहिजे! त्रेचाळीस घरांचा विरोध मी स्वतः नोंदवून घेतलाय!"

आणि मग डोनाबाईंनी टाळ्या वाजवल्या.

"थँक यू, सर! आमचाही या बिलाला विरोधच आहे."

मला लगेच संशय आला. या का माझ्या बाजूनं?

"खोल्या तपासायचा अधिकार आम्हाला आजही आहे," त्या शांतपणे सांगू लागल्या. "हे बिल तो काढून घेतंय. तीनशे चौरस फुटांपर्यंतच्या खोलीला परवानगीच लागणार नाही. उद्या कुठे काही कोसळलं, की लोक येणार आमच्याकडे. जबाबदारी आमची, आणि आधी जाऊन बघायची सोय नाही."

मिलिंद कानाशी आला. "सोळा सोळं किती रे?"

"दोनशे छप्पन्न."

"म्हणजे बिल पास झालं तर तुझी खोली..."

"गप्प बस, मिल्या."

"आणि सर," डोनाबाई जरा संकोचून म्हणाल्या, "तुमच्या खोलीबद्दल आम्हाला काहीच माहीत नव्हतं. शोधायला माणसं कुठे आहेत आमच्याकडे? पण आता ते सभेच्या नोंदीत आलंय, त्यामुळे..."

कोपऱ्यातून पिवळ्या जॅकेटवाल्या बाईनं अत्यंत प्रेमानं विचारलं, "सर, आडनावाचं स्पेलिंग सांगता का?"

बिल कमिटीतच पडलं. मंडळाच्या ग्रुपवर माझ्यावर अभिनंदनांचा वर्षाव! मी फक्त हात जोडलेले ते चित्र टाकत होतो. कुणाला काय सांगणार?

तीन आठवड्यांनी इन्स्पेक्टर आला. उंच, अबोल माणूस. वृंदा माझ्याशेजारी घट्ट हात बांधून उभी. त्यानं आधी भिंती ठोकल्या, मग शिडी लावून छताच्या तुळईला खांदा लावून रेटलं.

तुळई हलली.

म्हणजे अशी तशी नाही, चांगली बोटभर सरकली. वृंदाचा हात तोंडावर गेला. खाली पोरांच्या सतरंज्या अंथरलेल्या होत्या.

"एक जोरदार बर्फ पडला असता, तर हे सगळं खाली होतं," तो खाली उतरत म्हणाला. "कॉन्ट्रॅक्टर कोण होता?"

"होता एक... ओळखीतलाच," मी पुटपुटलो.

"त्या माणसाला पुन्हा बोलावू नका."

वृंदानं माझ्याकडे एकदा शांतपणे बघितलं आणि त्याला म्हणाली, "बोलवावं लागत नाही हो. इथेच राहतो."