बाटल्यांची आत्या

घरात जॅमची नवी बाटली आली की आम्हा भावंडांची नजर जॅमवर असायची आणि आत्याची लेबलवर. झाकण उघडायच्याही आधी ती बाटली हातात घ्यायची, लेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवायची आणि निकाल देऊन टाकायची, "सुटंल. कागदाचं हाय." नाहीतर तोंड वाकडं करून म्हणायची, "ह्याचा डिंक लय कडू दिसतोय." डिंक कडू असतो म्हणजे नेमकं काय, हे तिने कधी सांगितलं नाही, पण तिने कडू ठरवलेली बाटली पुढे तिला चांगलीच नाचवायची. आतला जॅम तिच्या दृष्टीने निव्वळ अडथळा होता. "खा की गं लवकर लवकर," असं ती आम्हाला बजावायची आणि आई कपाळाला हात लावायची.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. बाबा नाशिक रोडला प्रेसमध्ये कामाला होते आणि आम्ही तिथल्याच क्वार्टर्समध्ये राहायचो. दोघं बहीणभाऊ मूळचे सायखेड्याचे. आत्याला कळवणकडे दिली होती. लग्नाला काही वर्षं झाल्यावर नवऱ्याने दुसरी बायको आणली आणि आत्या एक पत्र्याची पेटी घेऊन भावाच्या दारात येऊन उतरली. लग्नात मिळालेली, नाव घातलेली सगळी भांडी तिकडेच राहिली. हे सगळं माझ्या जन्माआधीचं. मला कळायला लागलं तेव्हा आत्या आमच्या घरातलीच होती आणि सबंध कॉलनी तिला 'बाटल्यांची आत्या' म्हणत होती. तिला त्याचा राग नव्हता. दारावर कुणी नवखी बाई आली आणि आईची चौकशी करू लागली, तर आत्याच सांगायची, "बाटल्यांच्या आत्याचं घर ना? हेच."

कॉलनीतल्या बायका कॉफीच्या, मधाच्या, व्हिनेगारच्या रिकाम्या बाटल्या तिच्याकडे आणून द्यायच्या. दुपारची जेवणं आटोपली की मोरीत तिचं काम सुरू व्हायचं. आधी कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून बाटल्या बुडवून ठेवायच्या. कागद फुगला की तो एका कडेने, घाई न करता, सोलायचा. मग उरायचा तो चिकटा. त्याच्यावर गोडं तेल चोळून बाटली उन्हात ठेवायची, आणि मग जुन्या धोतराच्या फडक्याने गोल गोल पुसत राहायचं. अगदीच हट्टी चिकटा असला तर रॉकेलचं बोट. सुरीला मात्र सक्त मनाई होती. "खरडायचं नाय. ओरखडा ऱ्हातो, आन् ओरखड्यात तिखट जाऊन बसतं," असं तिचं म्हणणं. एकदा आईने घाईघाईत स्टीलच्या डब्यावरचं लेबल विळीच्या टोकाने खरवडलं, तर आत्या संध्याकाळपर्यंत तिच्याशी बोलली नाही. स्टीलचा डबा कसा आतून गॅसवर जरा शेकायचा आणि लेबल कसं आपण होऊन वर येतं, हे तिने आम्हाला करून दाखवलं होतं. माझ्या दादाने तेच ज्ञान प्लॅस्टिकच्या मगावर वापरलं. तळ वितळून भोक पडलेला तो मग पुढे कितीतरी वर्षं कुंडीतल्या तुळशीला पाणी घालायला वापरला, कारण त्यात पाणी राहतच नसे.

बाटली झाली असं ती सहजासहजी म्हणायची नाही. तिची एक परीक्षा असायची. कोरड्या बाटलीवर चिमूटभर ज्वारीचं पीठ भुरभुरवायचं आणि फुंकर मारायची. पीठ उडून गेलं तर बाटली पास. कुठे जरा जरी पीठ धरून राहिलं तर तिथे चिकटा उरलाय, मग पुन्हा तेल, पुन्हा ऊन. "आपल्याला दिसत नाय ना, पिठाला दिसतं," ती म्हणायची. पास झालेली बाटली ती उजेडाकडे धरून बघायची आणि त्या वेळी तिचा चेहरा असा काही व्हायचा की आपण हाक मारायची नाही, एवढं आम्हाला लहानपणीही कळत होतं.

एवढ्या बाटल्या जायच्या कुठे? माळ्यावर. जुन्या लुगड्यांच्या चिंध्यांत गुंडाळून ती बाटल्या पेटाऱ्यांत लावून ठेवायची आणि आमच्या स्वयंपाकघरात त्यातली एकही उतरायची नाही. आमचे धणे दुधाच्या पिशवीत, मोहरी तुटक्या झाकणाच्या डब्यात, आणि डोक्यावर हा एवढा साठा. आई कधीकधी वैतागायची.

"वन्सं, अहो धण्याला एक बाटली द्या की. माळ्यावर दुकान मांडलंय तुम्ही."

"त्या घरच्या हायेत, सुमन."

"मग हे काय आहे?"

"हे तुझं घर. मी माझं मांडीन तवा लागतील ना."

हे ती इतक्या साधेपणाने बोलायची की आई पहिल्यांदा हसली होती. मग तिचं हसणं थांबलं. आत्याने सगळं मनाशी ठरवलेलं होतं. रुंद तोंडाची कॉफीची बाटली मिठाला, कारण त्यात हात जातो. मधाच्या उंच बाटल्या तूरडाळ आणि मूगडाळीला, जोडीने. बुटक्या बाटल्या जिरं-मोहरीला. चूल कुठल्या भिंतीला, फळी किती उंचीवर, हेसुद्धा ती मला वेणी घालता घालता सांगायची. मला वाटायचं, हा आत्याचा भातुकलीचा खेळ आहे. मोठ्या माणसांनाही तसंच वाटत असावं.

तो खेळ नव्हता हे मी दहावीत असताना कळलं. सायखेड्याला आजोबांची एक खोली आणि पुढची पडवी नुसती कुलूप लावून पडली होती. एका रविवारी सकाळी बाबा पेपर वाचत बसले होते, तेव्हा आत्या पदराला हात पुसत त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"दामू, सायखेड्याची खोली मला दे. मी तिथं ऱ्हाते."

बाबांनी पेपर खाली ठेवला. "इथे काय कमी आहे तुला, आक्का? सुमन काही बोलली का?"

"ती बिचारी काय बोलंल. कमी काय बी नाय."

"मग?"

"माझी चूल मांडते."

"आणि लोक काय म्हणतील? नवऱ्याने टाकली, आता भावानेही घराबाहेर काढली म्हणतील."

"मी सांगीन ना लोकांना. मीच आले म्हणून सांगीन."

"नाही आक्का. मी आहे तोवर तुला एकटीला राहू देणार नाही." हे बोलताना बाबांचा आवाज भरून आला होता.

त्या आवाजापुढे कुणी काय बोलणार? बाबा वाईट नव्हते. बहिणीवर त्यांचा फार जीव होता. दिवाळीत आईच्या आधी तिची साडी आणायचे. तिने हट्ट केला असता, भांडली असती, तर कदाचित काही झालं असतं. पण इतक्या मायेने नाही म्हणणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं, हे तिला ठाऊक नव्हतं. ती मोरीत गेली आणि बाटल्या पुसायला लागली. नंतरही अधूनमधून ती विषय काढायची, पण आडून. सायखेड्याच्या खोलीला वाळवी लागली असेल, कुणी तरी राहायला पाहिजे. गोदावरीचं पाणी चुलीवरच्या डाळीला चांगलं. बाबा हसायचे आणि म्हणायचे, "आक्का, तुला इथेच डाळ करून घालतो." मला आज या हसण्याचा राग येतो. तेव्हा यायचा नाही.

माझं लग्न ठरलं तेव्हा मला आशा होती की आता पेटारा उघडेल. आत्याने मला तिची नथ दिली, बाटली दिली नाही. "तुला नवे डबे मिळत्याल, पोरी. ह्या माझ्या," म्हणाली. तोवर लेबलंही बदलली होती. कागद जाऊन प्लॅस्टिकची आली होती. ती पाण्यात फुगत नसत, सोलली की ताणली जात आणि मागे रबरासारखा चिकटा ठेवत. आत्याने त्यांच्यावर निलगिरीचं तेल शोधून काढलं. पण तिच्या बोटांची पेरं सुजायला लागली होती. फडकं गोल फिरवताना ती मध्येच थांबायची, मूठ उघडझाप करायची. मी माहेरी गेले की म्हणायचे, "आत्या, बस की आता, किती जमवशील?" ती म्हणायची, "चार-दोन कमी पडायला नकोत."

दोन हजारनंतर काही वर्षांनी बाबा रिटायर झाले. क्वार्टर सोडायचं होतं, नाशिकला छोटा फ्लॅट घेतला होता, तिथे आईने ट्रॉल्यांचं स्वयंपाकघर करून घेतलं होतं. सामान बांधायला मी गेले होते. दादाने माळ्यावरचे पेटारे उतरवले आणि आत्याने सगळ्या बाटल्या व्हरांड्यात काढून मांडल्या. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकामागे एक रांगा. एकीवरही कसला डाग नाही. बाबा टेम्पोवाल्याशी बोलत आत आले आणि उंबऱ्यातच थांबले. त्यांनी त्या सगळ्या एकत्र कधी बघितल्याच नव्हत्या.

"एवढ्या कशाला गं, आक्का?"

"पयल्या थोड्याच होत्या," आत्या म्हणाली. "वेळ लय गेला ना, दामू. म्हणून वाढल्या."

ती हे टोमणा मारून बोलली नाही. विचारलं, त्याचं उत्तर दिलं. बाबा तिथेच, बांधलेल्या गादीवर बसले. मग म्हणाले, "सायखेड्याचे पत्रे बदलून घेतो." आत्याने मान डोलावली. तिला आनंद झाला का, ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

आणि मग तिने जे केलं त्याने आम्ही सगळे चाट पडलो. शेजारणींना हाका मारून तिने त्या बाटल्या वाटून टाकल्या. कुणी दोन नेल्या, कुणी टोपलीभर. मी तिचा हात धरला, "आत्या, अगं आता तर लागतील. आताच तर घर मांडायचंय."

"लोकांच्या होत्या, लोकांकडं गेल्या," ती म्हणाली. "मला नवे डबे घ्यायचे हायेत. तू चल माझ्यासंगं."

आम्ही भांडी बाजारात गेलो. आत्याने स्टीलचे डबे घेतले, एकेक ठोकून, झाकण लावून-काढून बघत. सायखेड्याच्या खोलीत फळी ठोकून झाली होती, ती म्हणत होती त्याच उंचीवर. मी डबे फळीवर लावायच्या आधी सवयीने लेबल काढण्यासाठी एक डबा शेकायला घेतला, तर तिने तो माझ्या हातातून काढून घेतला.

"नको. राहू दे लेबल."

"तू म्हणतेस हे? आत्या, तू?"

"आलीगेली बाई बघंल ना. नवा हाय, कुणाचा उतरलेला नाय, एवढं कळू दे तिला."

आयुष्यभर जिने दुसऱ्यांच्या घरच्या खुणा पुसून पुसून बोटं झिजवली, तिला एक डबा तरी न पुसता वापरायचा होता, हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. ते डबे ती पाण्यात बुडवायची नाही. लेबल सोडून बाकीचा डबा ओल्या फडक्याने पुसायची.

मी एकदा तिला भेटायला गेले, तेव्हा तिने मला पाय धुवायला पाणी दिलं, पाटावर बसवलं आणि म्हणाली, "घर मांडून झाल्यावर पयल्यांदा आलीस. पाव्हणी हायेस आज." पिठलं तिने केलं होतं. भाकरी मात्र शेजारच्या मुलीने थापून दिली, कारण आत्याच्या बोटांना आता पीठ मळणं होत नव्हतं. जेवण झाल्यावर तिने माझी ओटी भरली. मी लहान असताना तिच्या हातच्या भाकरीसाठी आम्ही भांडायचो. तो हात शाबूत होता तेव्हा तिला तिची चूल मिळाली असती तर, हा विचार त्या दिवशी परत येताना सायखेड्यापासून नाशिकपर्यंत माझ्या डोक्यातून गेला नाही. आजही तो मला छळतो.

आत्या त्या खोलीत एक पावसाळा राहिली आणि पुढची थंडी सुरू होता होता गेली. तिला जे हवं होतं ते आम्ही दिलं, पण फार उशिरा दिलं, आणि याला काही उपाय नाही.

तेराव्यानंतर बाबांनी खोली बंद केली. बाकीचं सामान शेजारच्या मुलीला दिलं आणि एक तूरडाळीचा डबा घेऊन आले. आईला तो तेलकट वाटला असावा. तिने तो रिकामा करून घासण्याच्या गरम पाण्यात टाकला. बाबा पाणी प्यायला आत आले, त्यांनी ते पाहिलं आणि शर्टाची बाही वर न करताच हात घालून डबा बाहेर काढला. लेबल अर्धं सुटलं होतं. बाबांनी ते खांद्यावरच्या टॉवेलाने टिपलं आणि सुटलेला कोपरा अंगठ्याने दाबून धरून ओट्याजवळ उभे राहिले. अंगठा काढला की कोपरा पुन्हा वर यायचा, ते पुन्हा दाबायचे. आईने थोडा वेळ बघितलं. मग ती आत गेली आणि डिंकाची बाटली घेऊन आली.