गफ्फारभाईचा वावधनाचा सीझन

नेरहून बाजार समितीकडे जाणाऱ्या रस्त्यावर गफ्फार टिनवाल्याचं घर होतं. त्या घराच्या छपरावर गोटे होते, फुटका पाटा होता, ट्रॅक्टरचा टायर होता आणि कोणाच्या तरी जात्याची एक तळी होती. टिनाचे पत्रे आवळून धरणारा हूक मात्र एकही नव्हता. ज्याच्या हुकांनी अख्ख्या तालुक्याची छपरं धरून ठेवली, त्याचं स्वतःचं छपर गोट्यांच्या भरवशावर.

कारण साधं होतं. उन्हाळ्यातलं पहिलं वावधन, म्हणजे वादळ, सुटलं की कोणाची तरी टिनं उडत, गिऱ्हाईक रडकुंडीला येऊन दारात उभं राही, आणि गफ्फार आपल्याच छपराचे हूक उपसून त्याच्याकडे पळे. "सीझन संपला की लावतो," असं बायकोला, आयशाबीला, जाता जाता सांगे. मग तो सीझन पावसाळा तोंडावर येईपर्यंत काही संपत नसे.

वादळ आलं की लोक घरात पळतात. गफ्फार वादळाच्या मागे पळे. दुपारी आभाळ काळवंडलं की तो एसटी स्टँडवर जाई आणि आलेल्या बसचे टप न्याहाळी. टपावर ओला पाला दिसला की ड्रायव्हरला विचारी, "कुठं भेटलं?" जसं काही वावधन म्हणजे त्याचा हरवलेला साडू. मग एम-एटी गाडीला बांबूची शिडी बांधून निघे. राळेगावकडच्या एका गावात तर तो एकदा वादळाच्याही आधी पोचला. लोकांनी शिडी पाहिली आणि मुकाट्यानं बकऱ्या घरात घेतल्या. एका म्हातारीनं हात जोडले, "बाप्पा, दुसऱ्या गावाले जाय नं."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण ती कापसाची वर्षं फार वाईट होती. पावसाचं रेडिओ एक सांगे, पंचांग दुसरं, आणि बियाण्याच्या थैलीवरचा माणूस काही न सांगता नुसता हसे. अशात शेजारच्या डोमाजीच्या ध्यानात आलं, की गफ्फारनं आपल्या छपराला हूक ठोकले की दोन-चार दिवसांत पाऊस लागतो. सलग दोन वर्षं तसं झालं. झालं! बाजारात येणारा-जाणारा शेतकरी आधी गफ्फारचं छपर पाही. गोटे वर असले तर थैली घ्यायची नाही, गोटे खाली आले की पेरायचं.

आणि गफ्फारची झोप उडाली. आता त्याचा हातोडा त्याचा राहिला नव्हता. चुकून लवकर ठोकला तर तालुकाभर दुबार पेरणी, आणि शिव्या कोणाला?

त्या वर्षी थोरली पोरगी नाजिया पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. जावई अय्याजनं लोहाऱ्याहून तिला आणून सोडलं, खाटेवर बसून वर पाहिलं, आणि खाट हळूच कोपऱ्यात सरकवली. कोपऱ्यातही वर गोटेच होते.

त्या घरात बोलणं हिंदीत चाले. भांडण मात्र वऱ्हाडीत, कारण त्यात जोर येतो.

"पोट्टीच्या डोक्यावर जातं हाये," आयशाबी म्हणाली. "हवा सुटली तं टिन जाईन आन् जातं खाली येईन. हूक लाव."

"लावले तं लोकं पेरतीन नं!"

"पेरू दे! लोकाईचं वावर मोठं का आपली नाजिया?"

बाहेर कृषी केंद्रवाला देवीलाल रोज मागे लागे. त्याच्याकडे बियाण्याच्या थैल्यांची थप्पी छताला लागली होती. तो रोज चहा पाजी आणि आभाळाकडे बोट करी. "सीझन संपलाच म्हण, गफ्फारभाई. हवा पाय कशी मेली हाये."

"मेली नाही, देवीलालभाऊ. दम धरून राह्यली."

एका दुपारी राळेगावच्या बसवर पाला दिसला आणि गफ्फार शिडी घेऊन उधळला. आयशाबीनं बाहेर येऊन पाहिलं. डोमाजीची बैलबंडी रस्त्यात उभी होती.

"डोमाजीभाऊ, बंडी भिंतीले लावा बरं."

"काहून, वहिनी?"

"वर जातो."

डोमाजीनं बंडी लावली, धरून उभा राहिला, आणि वरून एकेक गोटा खाली येऊ लागला तसा घाबरला. मग हातोडा वाजायला लागला. त्याला राहवेना. "वहिनी, मंग पेरू का?"

"मले काय विचारता? बंडी धरा!"

गफ्फार संध्याकाळी परतला तर घरापुढे जत्रा भरलेली. देवीलाल सर्वांत पुढे. "हूक लागले! सीझन संपला!"

"थे वहिनीनं लावले," डोमाजी अडून बसला. "गफ्फारभाईच्या हातचे नाही. धरता येत नाही."

"छपर तेच हाये नं?"

"हात तो नाही नं!"

गफ्फार दोघांचंही ऐकत नव्हता. तो वर पाहत होता. नालीदार टिनाला एक उंचवटा, एक नाली असते. हूक उंचवट्यावर मारायचा असतो. नालीत मारला की पाणी भोकातून थेट घरात. इथं सगळे हूक नालीत होते. एकूण एक. कोणी लग्नातल्या पंगतीत चपला घालून बसावं, तसं त्याला झालं.

"नालीत?" तो पुटपुटला. "नालीत!"

शिडी लावून तो वर चढला आणि तावातावानं हूक उपटू लागला. चार टिनं मोकळी झाल्यावर त्याचा हात थांबला. लग्न झाल्यापासून आयशाबी त्याच्या हातात हुकाखाली घालायचे वायसर देत आली होती. हूक कुठं मारतात हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. त्यानं खाली पाहिलं. ती दारात उभी राहून पदरानं तोंड पुसत होती. उगाच, फार वेळ.

थांबावं तर टिनं मोकळी, गोटे खाली, आणि आत नाजिया. ठोकावं तर सीझन संपला. गफ्फारनं पश्चिमेकडे पाहिलं. सगळ्या जत्रेनं पश्चिमेकडे पाहिलं. तिथं काहीच नव्हतं, एक घार होती.

त्यानं ठोकलं. उंचवट्यावर, वायसर लावून. दिवे लागायच्या आत देवीलालची थप्पी कमरेला आली.

मग ऊन पडलं. आणि पडतच राहिलं. डोमाजी रोज सकाळी येई, छपराकडे पाही, काही न बोलता जाई. त्यापेक्षा शिव्या बऱ्या होत्या. गफ्फार घराबाहेर पडेना. मध्ये नाजियाला मुलगी झाली. आयशाबीनं दोन ड्रमांवर शिडी आडवी टाकली, तिला नातीची झोळी बांधली, आणि झोळीची दोरी गफ्फारच्या पायाच्या अंगठ्याला.

"रिकामाच हायेस," ती म्हणाली.

आणि एका दुपारी आलं. धूळ, अंधार, मग पाणी. टिनं नुसती गुणगुणली, एक हलेल तर शपथ. इतकी वर्षं गफ्फारनं वावधन मागून पाहिलं होतं. खालून ऐकलं नव्हतं. तो तोंड उघडं टाकून ऐकत राहिला. पलीकडे भर पावसात डोमाजी रस्त्यावर येऊन छपराला रामराम करत होता.

तेवढ्यात देवीलाल आला, नखशिखांत भिजलेला.

"गफ्फारभाई, गोडाऊनची टिनं गेली! युरिया भिजून राह्यला! शिडी घे, चाल!"

आयशाबीनं ओठांवर बोट ठेवलं. देवीलालनं शिडी पाहिली, शिडीची झोळी पाहिली, झोळीतलं इवलंसं तोंड पाहिलं.

"सीझन संपला नं," गफ्फार हळू आवाजात म्हणाला. "तूच तं म्हणे."

"मंग हे काय होय?"

"हा? हा पाऊस होय."

दूर कुठंतरी एक टिन सुटं होऊन आपटत होतं. गफ्फारनं कान टवकारले. उठला नाही. फक्त त्याचा अंगठा जोरजोरात हलू लागला, आणि झोळी इतकी झुलली की आयशाबीला म्हणावं लागलं, "अगा, हळू. पोट्टी उडून जाईन."