आक्काचं सुवेर

विटाळावर आमच्या आक्काइतका दात धरलेलं माणूस बेंबळीपासून माकणीपर्यंत शोधून सापडलं नसतं. आक्का म्हणजे आमची शेजारीण, किराणा दुकानवाल्या लिंगायत घरातली म्हातारी. गळ्यात लिंग असलं की मेल्याचं सूतक नाही आणि जन्माचं सुवेरही नाही, ही तिच्या घरची शिकवण. पण तेवढ्यावर गप्प बसेल तर ती आक्का कसली! गावात कुणी बाळंत झालं की ही मुद्दाम आत शिरायची, बाळंतिणीच्या हातचं पाणी प्यायची आणि ओसरीवर येऊन बायकांना चिडवायची, "बघा गं, मेले का मी?" माझी आई कपाळाला हात लावायची.

निजामाच्या राज्यातली ती शेवटची वर्षं. गावचा सरकारी दवाखाना बंद करून सामान तालुक्याला न्यायचा हुकूम आला आणि आक्कानं रान उठवलं. घरोघर फिरून माणसं गोळा केली, कचेरीपुढं ठाण मांडलं, एका साहेबाचा तर चालता घोडा अडवला. उपयोग शून्य. एके सकाळी सामान न्यायला बैलगाड्या आल्याच.

नेमकी त्याच सकाळी माझी काकू अडली. मूल आडवं आलेलं. तिला बाजेवर घालून आम्ही दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरांच्या हत्यारांचं कपाट गाडीत चढवून दोरानं आवळलेलं!

"हुकूम म्हणजे हुकूम," कारकून म्हणाला. मला त्याचा असा राग आला की काय सांगू.

आक्का तडक गाडीवर चढली आणि विळ्यानं दोर कापला. कपाट आत गेलं. काकूचं ओरडणं बाहेर ऐकू येत होतं, मग तेही थांबलं. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. बऱ्याच वेळानं मूल रडलं.

कारकुनानं लगेच कपाट उचलायला सांगितलं. आक्का दारात आडवी झाली. "खबरदार! आत सुवेर हाय. हात लावंल त्यो बाटंल."

गाडीवाले झटकन मागं सरले. कारकून आक्काच्याच समाजाचा. तो चिडून म्हणाला, "आक्का, आपल्यात सुवेर कुठं असतंय?"

"आपल्यात न्हाय. पर गाडीवाल्यांच्यात हाय की! इचार त्यांला."

हात पुसत बाहेर आलेल्या डॉक्टरसाहेबांनी शांतपणे भर घातली, "अम्मा सही बोलते."

गाड्या रिकाम्या गेल्या. ते सुवेर फिटायच्या आत आक्कानं दुसरी बाळंतीण तिथं आणून बसवली, मग तिसरी. पुढं पुढं तर ती दिसली की नव्या सुना पदर सावरून बोळात पळायच्या. असं करता करता सरकारच बदललं आणि दवाखाना गावातच राहिला.

पण त्या पहिल्या दिवशी संध्याकाळी आक्का लिंग तळहातावर घेऊन पूजेला बसली, ती उठेचना. आई काळजीनं बघायला गेली, मी मागोमाग.

"जल्मभर ज्याला खोटं म्हणलं, त्याच्याच आड लपले गं आज," आक्का म्हणाली.

"पोर जगलं की, आक्का."

"व्हय," ती म्हणाली, आणि एवढा वेळ आवरलेलं रडू फुटलं. "माझी गौरा अडली, तवा इथं दवाखाना नव्हता."

आक्काला लेक होती, हे मला त्या दिवशी कळलं.