मावशींची पोरं आणि रिकामं पाकीट

प्रयोगशाळेत मावशींना सगळे मावशी म्हणत, आणि मावशी आपल्या पेशींना पोरं म्हणत. मेंदूच्या पेशी त्या, काचेच्या ताटलीत वाढायच्या, आणि लाड तरी किती! ऊब द्या, ताजं खाद्य घाला, उघड्यावर ठेवू नका. मला लहानपणी एवढं जपलं नव्हतं, असं मावशींचा सख्खा मुलगा म्हणायचा, आणि मावशींना ते नाकारता यायचं नाही.

या पोरांवर एचआयव्हीच्या एका प्रथिनाचा प्रयोग चालला होता. अख्खा विषाणू त्या इमारतीत कुठेच नव्हता. होतं ते त्याच्या आवरणावरचं प्रथिन, ज्याच्या जोरावर तो पेशीला चिकटतो, तेवढंच वेगळं करून कुपीत भरलेलं. त्याचं खरं नाव घेताना जीभ अडखळायची, म्हणून सगळे त्याला नुसतं ‘पाकीट’ म्हणत.

नुकतीच जन्मलेली नात दवाखान्यातून घरी आली त्या दिवशी मावशी कामावरून आल्या, हातपाय धुतले आणि बाळाला घ्यायला पुढे झाल्या, तोच प्रयोगशाळेतल्या मॅडमचा फोन. मावशी उभ्याउभ्याच म्हणाल्या, “हो मॅडम, काल पाकीट घातलं ना, सकाळी बघते तर निम्मी पोरं मेलेली! छान झालंय काम.”

सुनेनं बाळाला छातीशी घट्ट धरलं.

पोरं म्हणजे पेशी हे समजावणं सोपं होतं. पाकीट समजावताना एचआयव्हीचं नाव निघालं आणि सुनेच्या तोंडचं पाणी पळालं.

“अगं, विषाणू नाहीच तिथे,” मावशी म्हणाल्या. “नुसतं वरचं पाकीट. रिकामं.”

“म्हणजे त्यानं काहीच होत नाही ना, आई?”

इथे ‘नाही’ म्हणून गप्प बसायचं. शहाण्या माणसानं तेच केलं असतं.

“होतं की! तेच तर आम्हाला दिसलं. विषाणू नसला तरी नुसत्या पाकिटानं पेशींचे तंतू आखडतात, पेशी मरतात.” हे मावशींनी सांगितलं, वर जरा ऐटीत सांगितलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मग, ते थेट ताटलीत ओतल्यावर होतं, पाकीट अंगाला चिकटून घरी येत नाही, त्यानं कुणाला लागण होत नाही, हे त्यांनी परोपरीनं सांगितलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

सून वाईट नव्हती. “तुम्ही निवृत्त झालात की घ्या हं हिला,” असं ती अगदी गोड आवाजात म्हणाली. तोवर नात शाळेत गेली असती.

“खोटं बोलायला काय झालं होतं?” मुलगा म्हणाला.

“अरे, तिनं विचारलं म्हणून सांगितलं!”

मावशी दारातून नात बघायच्या आणि आतल्या आत रडायच्या. रागही यायचा. रोग घरात आलाच नव्हता, त्याचं नुसतं नाव आलं होतं, आणि तेवढ्यानं त्यांच्या मांडीवर यायचं बाळ दूर राहिलं होतं.

नात पालथी पडायला लागली तेव्हा मुलगा कुठूनशी सर्दी घेऊन आला आणि खुशाल तिच्या तोंडावर शिंकला. “रुमाल तरी धर रे!” मावशी दारातून ओरडल्या.

“साधी सर्दी आहे हो,” सून म्हणाली. “घरचीच.”

घरच्या सर्दीनं बाळाचं नाक गळू लागलं आणि सून तापानं फणफणली. मावशी कामावरून आल्या तर ती भिंतीला टेकून उभी.

“आई, घ्या हिला. मला उभं राहवत नाही.”

“आज पाकीट घातलंय गं मी.”

“घाला नाहीतर काढा! हिला धरा आधी.”

मावशींनी धरलं. नात त्यांच्या चष्म्यावर शिंकली, आणि मावशी कसलीही लाज न बाळगता रडल्या.

लवकरच त्याही शिंकायला लागल्या. प्रयोगशाळेच्या दारातच मॅडमनी हात आडवा धरला. “आत नाही यायचं, मावशी. पोरांना काहीतरी लागेल. पूर्ण बरं वाटेपर्यंत घरीच.”

घरी आल्यावर त्यांनी हे सांगितलं तेव्हा सून भडकलीच. “हे काय वागणं झालं? नुसत्या शंकेवरून घरच्या माणसाला दारात उभं करायचं?” एवढं बोलली आणि एकदम गप्प झाली.

नात मांडीवर झोपली होती, आणि आपली सर्दी एवढ्यात जाऊ नये, असं त्यांना मनापासून वाटत होतं.