बाळकुमला राहून गेलेला उखाणा

जाहिरात सोसायटीच्या ग्रुपवर आली होती. ठाण्यात बाळकुमच्या एका संकुलात रविवारी सकाळी 'प्रेम बोलून दाखवूया', सोबत वाद्यवृंद. मी ती वाचून सोडून दिली असती. पण आई चष्मा सावरत म्हणाली, "मला ने ना गं. ह्यांचं नाव घ्यायचंय मला."

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. ते होते तेव्हाही तिने त्यांचं नाव फक्त उखाण्यात घेतलं. एरवी कायम 'अहो'. ते गेले आणि तिला उखाणा विचारणंच बंद झालं.

डोंबिवली पश्चिमेहून निघणार असाल तर मोठागाव-माणकोली पुलानेच जा, शिळफाट्याचा वळसा वाचतो. साकेतला थोडं अडकलो, तरी तासाभरात पोहोचलो. कॅबचे सहाशे झाले. खाडीवर वारा छान होता. आईने काच खाली करून सराव सुरू केला.

"कोलशेतच्या भोंग्यावर चालायचं आमच्या घरचं घड्याळ, वसंतराव वरून कडक, आतून फार मवाळ."

"एक नंबर, आजी!" ड्रायव्हर म्हणाला. "शिट्ट्या पडणार."

बाबा कोलशेतच्या कारखान्यात फिटर होते. वर्तकनगरच्या आमच्या दोन खोल्यांत त्यांचा आवाज घुमायचा, आणि आईला ताप आला की तेच गुपचूप पोळ्या लाटायचे. नकाशासारख्या.

हॉलबाहेर गावातल्या बायकांचा स्टॉल होता. तांदळाची भाकरी आणि कोळंबीचं कालवण नक्की खा. आत बासरी आणि तबला इतका गोड जमला होता की दीडशेचं तिकीट तिथेच वसूल झालं. एका काकांनी बायकोसाठी बेसूर गाणं म्हटलं. काकू लाजून म्हणाल्या, "पुरे आता, घरी चला!" सगळा हॉल हसला. मीही डोळे पुसले.

मग निवेदक माइक घेऊन रांगेत उतरला. "चला, ताई, उखाणा! काकू, आता तुम्ही!" एकेक बाई नाव घेत होती, तबल्यावर थाप पडत होती. आमच्या शेजारणीचं झालं. आईने हात पुढे केला. त्याने तिच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं आणि माइक तिच्या डोक्यावरून पलीकडच्या बाईला दिला.

"आजी, तुमच्यासाठी पुढे भक्तिगीत आहे हं."

आईचा हात क्षणभर तसाच राहिला. मग तिने तो पदराखाली घेतला.

मी तडक आयोजक बाईंकडे गेले. "माझ्या आईला का वगळलं?"

"अहो, त्यांना वाईट वाटू नये म्हणूनच. मुद्दाम कशाला आठवण काढायची?"

"ती आठवण काढायलाच आलीय!"

"बरं, शेवटी वेळ उरला तर बघू." वेळ उरला नाही. सेल्फीसाठी मात्र अर्धा तास उरला.

प्रेम बोलून दाखवा म्हणायचं, आणि ज्याच्यावर प्रेम करायचं तो माणूस आधी जिवंत हवा अशी अट ठेवायची? ती तरी जाहिरातीत छापा. परतताना कॅबमध्ये पूल येईपर्यंत मी बोलत होते. तो निवेदक, त्या बाई, टाळ्या वाजवणारे सगळे, कुणालाच सोडलं नाही.

आई बाहेर बघत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "संक्रांतीला तुझ्याकडे हळदीकुंकू होतं. तू मला आत चहा गाळायला बसवलंस."

"अगं, तुला वाईट वाटू नये म्हणून..."

ड्रायव्हरने आरशातली नजर काढून घेतली.

घरी आल्यावर चहा मी केला. कप तिच्या हातात देत म्हणाले, "आई, घे ना नाव. मी ऐकते."

"तू ऐकलंयस की गाडीत. चार बायका बोलाव, मग घेते."

संक्रांतीला अजून चार महिने आहेत. तेवढं थांबायचं नाही मला. येत्या रविवारी मजल्यावरच्या सगळ्यांना बोलावलंय. बाहेरच्या खोलीत पहिली खुर्ची आईची, आणि चहा मी गाळणार आहे.